फ्लॉवरचा भात मोकळा व्हायचा असेल तर

फ्लॉवर किसून, परतून भाताऐवजी खायची पद्धत आता आपल्याकडेही बऱ्यापैकी रुळली आहे. कुणाला डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलेलं असतं, कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाला रात्री पोटाला हलकं हवं असतं. उत्साहाने गड्डा आणला जातो, किसला जातो, कढईत पडतो आणि ताटात येतो तो ओलसर, उग्र वासाचा गिचका. घरातली माणसं दोन घास खाऊन बाजूला सारतात आणि पदार्थ कायमचा बाद होतो. असं झालं की दोष फ्लॉवरला दिला जातो, पण बिनसलेलं असतं ते पाण्याचं गणित. फ्लॉवरच्या वजनातला जवळजवळ ९२ टक्के भाग पाणी असतो. गड्डा निवडण्यापासून पानात वाढेपर्यंत हे पाणी डोळ्यांसमोर ठेवून काम केलं, तर हा पदार्थ खरोखर चवीने खाण्यासारखा होतो. म्हणून या लेखात मी पाककृतींपेक्षा त्या पाण्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

आधी हिशेब पाहू, म्हणजे एवढी खटपट कशासाठी ते कळेल. शिजलेल्या पांढऱ्या भातात दर १०० ग्रॅमला सुमारे १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्याच कच्च्या फ्लॉवरमध्ये कॅलरी साधारण २५ आणि कर्बोदकं ५ ग्रॅम, त्यातलेही २ ग्रॅम तंतू म्हणजे चोथा. शिवाय क जीवनसत्त्व भरपूर. फरक मोठा आहे, पण तो आपणच सहज घालवून बसतो. छोट्या चमचाभर तेलात ४०-४५ कॅलरी असतात. म्हणजे १५० ग्रॅम फ्लॉवरमध्ये जेवढी ऊर्जा, तेवढी एका चमचा तेलात. काजू, पनीर, वरून तुपाची धार, खवलेलं खोबरं असं सगळं हात सैल सोडून घातलं तर ताट चविष्ट होईल, हलकं मात्र राहणार नाही. तेल मोजून घाला, एवढं एकच पथ्य इथे कडक पाळायचं.

आता गड्डा. हाताला जड लागणारा, तुरे एकमेकांना घट्ट चिकटलेले, भोवतीची पानं हिरवी आणि कडक असलेला घ्यावा. पानं हा ताजेपणाचा चांगला पुरावा आहे, म्हणून पानं पूर्ण छाटून ठेवलेला गड्डा मी शक्यतो घेत नाही. किंचित पिवळसर रंगाला घाबरू नका. ऊन लागलं की गड्डा पिवळट पडतो. तो पांढरा राहावा म्हणून शेतकरी आतली पानं गड्ड्यावर दुमडून बांधतात. काळे, बुळबुळीत डाग मात्र नकोत. तसंच वरचा भाग बारीक कळ्या फुटल्यासारखा, मखमलीसारखा दिसत असेल तर तो गड्डा जून झालेला किंवा उन्हाळ्याच्या तडाख्यात सापडलेला असतो. तो किसताना नुसता भुरभुरतो आणि परतल्यावर त्याचा दाणा राहत नाही. आपल्याकडे या पदार्थाचा खरा मोसम थंडीचा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत फ्लॉवर घट्ट, गोडसर आणि स्वस्त मिळतो. पावसाळ्यातल्या गड्ड्यात पाणीही जास्त आणि अळ्याही. त्या दिवसांत हा पदार्थ पहिल्यांदा करून पाहू नये, उगीच मन खट्टू होतं.

अळ्यांसाठी आपल्या घरोघरी जे करतात तेच करायचं: तुरे मोठे मोठे सुटे करून कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर हळद घालून पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचे, मग स्वच्छ पाण्यातून काढायचे. हे सगळं किसण्याआधी. किसल्यावर फ्लॉवर कधीही धुऊ नये. किसाच्या प्रत्येक कणाला पाणी चिकटतं आणि ते नंतर कशानेही निघत नाही. धुतलेले तुरे झटकून, फुलांची बाजू खाली करून चाळणीत ठेवा. फुलांच्या फटींत पाणी अडकून बसतं, ते अशाने निथळतं. मग कोरड्या पंच्यावर पसरून पंख्याखाली किमान अर्धा तास राहू द्या. सकाळी घाई असते त्यांनी रात्रीच धुऊन, पुसून, सुती कापडात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावेत. सकाळी बोट लावून पाहा, फूल हाताला खडखडीत कोरडं लागलं पाहिजे. या पायरीला वेळ द्या. पुढच्या कुठल्याही पायरीवर तेवढा फायदा मिळत नाही.

किसण्यासाठी किसणीची मोठी भोकं वापरायची. बारीक भोकांवर फ्लॉवर चिरडला जातो, त्याच्या पेशी फुटतात, आतलं पाणी आपसूक बाहेर येतं आणि किसाचा लगदा होतो. दाणा साधारण कच्च्या साबुदाण्याएवढा हवा. दोरी ओढून चालवायचं छोटं चॉपर घरी असेल तर ते या कामाला उत्तम. फूड प्रोसेसरमध्ये भांडं अर्ध्याच्या वर भरू नये, आणि सलग न फिरवता थांबत थांबत पाच-सहा झटके द्यावेत. मिक्सरच्या भांड्यात करायचंच असेल तर मूठ-मूठ घेऊन, एका झटक्यावर थांबून, उघडून पाहत करावं. तळाशी पीठ आणि वर अख्खे तुरे असा प्रकार तिथे फार लवकर होतो. दांडे टाकू नका. त्यांची वरची जाड साल काढली की आतला गर गोड आणि कुरकुरीत असतो. तो वेगळा किसून ठेवा, कारण त्याला शिजायला दोन मिनिटं जास्त लागतात.

कीस पंच्यात बांधून पिळावा का, असं बरेच जण विचारतात. तुरे नीट कोरडे केले असतील तर पिळण्याची गरज नाही. पिळल्याने चवही जाते आणि पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्वही. पावसाळी, पाणीदार गड्डा असेल तर मात्र पिळावं लागतं. तसं केलंत तर निघालेलं पाणी कणीक भिजवायला वापरा.

कढई पसरट हवी. बिडाची असेल तर फारच छान, नाहीतर मोठा सपाट तवाही चालतो. मध्यम गड्ड्याचा कीस अर्धा किलोच्या आसपास भरतो. तो सगळा एकदम कढईत ओतायचा मोह टाळा. थर जाड झाला की खालच्या किसाची वाफ वरच्या किसात अडकते आणि परतण्याऐवजी सगळं उकडायला लागतं. म्हणून दोन घाणे करा. कढई आधी चांगली तापवा, चमचाभर तेल फिरवा, आधी दांड्यांचा कीस टाका, दोन मिनिटांनी तुऱ्यांचा. पसरा आणि मिनिटभर हात लावू नका. सारखं हलवत राहिलं की कढईचा ताव उतरतो. आच मोठ्या आणि मध्यमच्या मध्ये ठेवा. झाकण अजिबात नाही.

इथून पुढे घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवावा. सुरुवातीला कीस कढईत पडताच जोरात चर्र होतं आणि वाफेचा लोट उठतो. तीन-चार मिनिटांत आवाज ओला, दबका होतो. हे पाणी सुटण्याचं लक्षण. बहुतेक जण नेमके इथेच गॅस बंद करतात, कारण कीस मऊ दिसतो आणि शिजल्यासारखा वाटतो. अजून दोन-तीन मिनिटं थांबा. वाफ विरळ होते, आवाज पुन्हा कोरडा, बारीक तडतडीचा होतो, आणि सराटा फिरवला की दाणे चिकटून ढिगाने न सरकता सुटे सुटे उडतात. काही दाण्यांच्या कडा सोनेरी झालेल्या दिसतात. हा क्षण. आता मीठ घाला, एकदा परता आणि लगेच गॅस बंद करा. मीठ आधी घातलं तर ते किसातलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि केलेली मेहनत वाया जाते. अजून एक बारीक गोष्ट: झालेला कीस कढईत किंवा डब्यात ढीग करून ठेवू नका, परातीत पसरा. गरम ढिगातली वाफ गार होऊन परत पाणी होते. परातीत दोन मिनिटं पसरलेला कीस तासाभरानेही मोकळा राहतो.

वासाचं कोडंही इथेच सुटतं. फ्लॉवरमध्ये गंधकयुक्त घटक असतात. जितका जास्त वेळ उष्णता द्याल तितके ते फुटून तो ओळखीचा उग्र वास सोडतात, आणि झाकण असेल तर तो आतच कोंडतो. प्रखर आचेवर, उघड्यावर, थोडक्या वेळात केलं की वास जाणवत नाही. म्हणूनच तांदळाबरोबर कुकरमध्ये कीस घालून 'एकाच शिट्टीत दोन्ही' करण्याचा मार्ग मला पटत नाही. त्यात भातालाही वास लागतो आणि फ्लॉवर तर उरतच नाही.

आता चव. फोडणीचा भात करतो तसाच फोडणीचा फ्लॉवर माझ्या मते यातला सगळ्यात जमून येणारा प्रकार. दोन चमचे तेलात मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, उभी चिरलेली हिरवी मिरची, मूठभर बारीक चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की हळद आणि वर सांगितल्याप्रमाणे कोरडा करून घेतलेला, चार माणसांपुरता कीस. दोनच मिनिटं परतायचं. खाली उतरवून लिंबू पिळायचं आणि कोथिंबीर घालायची. लिंबू गॅसवर असताना पिळू नका, कडवटपणा येतो. कढीपत्ता नेहमीपेक्षा थोडा जास्त घाला, फ्लॉवरला तो फार मानवतो. हळद न घालता पांढराच ठेवायचा असेल तर लिंबाचे चार थेंब परतताना चालतील. आंबटपणाने फ्लॉवरचा रंग पांढरा राहतो, आणि जड, क्षारयुक्त पाण्याने तो पिवळट होतो.

मसालेभाताच्या वळणाने करायचा तर तोंडली आणि मटार आधी वेगळे झाकण ठेवून पूर्ण शिजवून घ्या, त्यातलं पाणी आटवा, गोडा मसाला तेलावर क्षणभर परता आणि मग कीस. शेवटी चमचाभर ओलं खोबरं. दहीभातासारखं हवं असेल तर कीस अगदी गार होऊ द्यावा आणि दही कापडात टांगून पाणी गाळलेलं घ्यावं. मीठ पानात वाढताना. यातलं काहीही तासभर आधी कालवून ठेवू नका.

जेवताना एक अडचण येते. भाताच्या शितात पिष्ट असतं, त्यामुळे तो वरण शोषून घेतो आणि हातात घास वळतो. फ्लॉवरमध्ये पिष्ट जवळजवळ नसतंच. पातळ वरण वाढलं की ते ताटभर पसरतं, कीस त्यात पोहतो आणि घास काही बनत नाही. वरण-भात, आमटी-भात, सोलकढी-भात या सुखाची बरोबरी फ्लॉवर करू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. अमेरिकेत आर्कान्सा नावाचं राज्य आहे, त्या देशातला जवळपास निम्मा तांदूळ तिथे पिकतो. २०१९ मध्ये तिथे कायदा झाला की तांदूळ नसलेला पदार्थ वेष्टनावर तांदूळ म्हणून विकता येणार नाही. किसलेल्या फ्लॉवरची पाकिटं त्याच्या रोखात होती. कायद्यामागे तिथल्या तांदूळ उत्पादकांचं हित होतं हे उघड आहे, पण ताटापुरतं मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. ही भाजी आहे, भाजीसारखी वागवली की छान लागते. तिच्याबरोबर घट्ट गोष्टी वाढा: पिठलं, मटकीची दाटसर उसळ, घट्ट डाळ, अंगाबरोबर रस असलेली अंडा करी, माशाचं दाट कालवण, खिमा. पिठलं आणि फोडणीचा फ्लॉवर ही जोडी तर एकदा जरूर करून पाहा.

ज्यांना भाताशिवाय जेवण पुरं वाटत नाही, आणि कोकण-गोव्यात अशी माणसं घरटी सापडतील, त्यांनी भात बंद करण्यापेक्षा निम्मा करावा. एक वाटी शिजलेला मोकळा भात आणि दोन वाट्या कोरडा परतलेला कीस, दोन्ही वेगवेगळं करून वाढण्याआधी हलक्या हाताने एकत्र. भाताच्या पिष्टामुळे घास वळतो, आमटी थोडी धरली जाते, आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा सुवासही राहतो. पहिल्या आठवड्यात प्रमाण उलट ठेवा, दोन वाट्या भात आणि एक वाटी कीस, मग हळूहळू बदला. घरात बदल टिकायचा असेल तर मला हाच मार्ग सगळ्यात खात्रीचा वाटतो. पूर्ण फ्लॉवरवर गेलेली घरं महिन्याभरात पुन्हा पूर्ण भातावर आलेली पाहिली आहेत. निम्म्यावर गेलेली तिथे टिकतात.

यापुढची गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. ताटातून भात काढून फ्लॉवर ठेवला की फक्त कर्बोदकं कमी होत नाहीत, जेवणाचा आधारच कमी होतो. वरण-भाताची जोडी पिढ्यानपिढ्या टिकली ती उगाच नाही. तांदळाच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनीन कमी असतं आणि ती उणीव तांदूळ भरून काढतो. भात गेला की ही जोडी तुटते आणि जेवल्यावर दोन तासांत भूक लागते. मग हात फरसाणाच्या डब्याकडे जातो आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं. म्हणून फ्लॉवरच्या ताटात प्रथिनं वाढवायलाच हवीत. वाटीभर घट्ट उसळ, दोन अंडी, पनीर, मासा, चिकन, घट्ट दही यांपैकी काहीतरी नक्की असू द्या. किसातच दोन अंडी फोडून भुर्जीसारखं परतलं तर एका कढईत जेवण होतं.

मधुमेह असलेल्यांनी एक काळजी घ्यावी. तुम्ही इन्सुलिन घेत असाल किंवा शरीरातलं इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांचा डोस तुमच्या रोजच्या जेवणातल्या कर्बोदकांवर बसवलेला असतो. भात अचानक बंद केला आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची लक्षणं. आधी डॉक्टरांशी बोला, मगच ताट बदला. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असेल तर रोज फ्लॉवर खाण्याआधी आहारतज्ज्ञांना विचारा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी कोबी आणि पालेभाज्यांचं प्रमाण एकदम बदलू नये, त्यांतल्या के जीवनसत्त्वाचा त्या औषधावर परिणाम होतो. ज्यांना गॅसेसचा त्रास आहे त्यांनी अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी, आणि हिंग-जिरं हात राखून घालू नये. वाढत्या वयाची मुलं, गर्भवती, आजारातून उठलेली किंवा अंगाने कृश वृद्ध माणसं यांचा भात कृपा करून काढून घेऊ नका. त्यांना त्या ऊर्जेची गरज आहे. एका घरात दोन ताटं वेगळी असायला काहीच हरकत नाही.

फ्लॉवरऐवजी दुसरं काही चालेल का? नवलकोल चालतो, आणि छान चालतो. त्याचा वास सौम्य, दाणा घट्ट. कोबी अगदी बारीक चिरून मोठ्या आचेवर परतला तर आलं-लसूण, कांद्याची पात आणि सोया सॉस घालून फ्राइड राइसची हौस भागते. ब्रोकोलीचे दांडे फेकू नका, तेही असेच किसून वापरता येतात. गाजराचा कीस एकट्याने गोड होतो, पण फ्लॉवरमध्ये मूठभर मिसळला की रंग आणि चव दोन्ही सुधारतात. दुधीच्या वाटेला जाऊ नका, त्यात पाणी फ्लॉवरपेक्षाही जास्त. आणि वरई, म्हणजे भगर, उपासाला खातो म्हणून हलकी समजली जाते, पण ते धान्य आहे. तिच्यातली कर्बोदकं तांदळाच्या जवळपास जातात. ती जरूर खा, पण भात कमी केला असं समजू नका.

साठवणीबद्दल थोडं. कच्चा कीस फ्रीजमध्ये दोन दिवसांवर ठेवू नये, डबा उघडला की वास येतो. परतलेला कीस गार करून बंद डब्यात दोन-तीन दिवस चांगला राहतो. मीठ खाताना घाला. थंडीत गड्डे स्वस्त असतात तेव्हा कोरडा कच्चा कीस जेवणापुरत्या पिशव्यांमध्ये चपटा पसरून, हवा काढून फ्रीजरमध्ये ठेवावा, महिनाभर चालतो. वापरताना बाहेर काढून वितळू द्यायचा नाही. तसं केलं की सगळं पाणी सुटतं. गोठलेलाच कीस सणसणीत तापलेल्या कढईत टाकायचा आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत उघडा परतायचा. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत तयार गोठवलेल्या किसाची पाकिटं सर्रास येतात, त्यांनाही हाच नियम लागू. पाकिटावर मायक्रोवेव्हची सूचना असली तरी कढईतला कीस जास्त मोकळा होतो.

राहिली पानं. बाहेरची जून पानं काढून आतली कोवळी पानं आणि त्यांचे देठ बारीक चिरा, लसूण-मिरचीच्या फोडणीवर वाफवा, मूठभर बेसन भुरभुरून कोरडा झुणका करा. फ्लॉवरच्या भाताबरोबर त्याच गड्ड्याचा झुणका वाढता येतो, आणि बेसनामुळे ताटात थोडी प्रथिनंही येतात.